छातीत दुखतंय, ॲम्ब्युलन्स दारात आहे, मग निघत का नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पहाटे वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्स वेळेत आली, पण आलेल्या लोकांनी पेशंट उचलायचं सोडून घरातच दहा-बारा मिनिटं तपासण्या केल्या. मागूनही ऑक्सिजन लावला नाही. मग घराजवळचं हॉस्पिटल ओलांडून लांबच्या हॉस्पिटलला नेलं. वडील आता बरे आहेत, पण हा वेळकाढूपणा होता की याला काही कारण असतं?

कारण असतं. मी पॅरामेडिक आहे. आधी हायवेवरच्या गाडीवर होतो, आता बरीच वर्षं शहरातल्या कार्डिॲक ॲम्ब्युलन्सवर आहे. हा प्रश्न मला लोकांनी जिन्यात, गाडीच्या दारात, एकदोनदा कॉलर धरूनही विचारलाय. तुम्ही शांतपणे विचारलात, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

ती दहा मिनिटं बहुधा ईसीजीत गेली असणार. छातीत दुखणाऱ्या पेशंटपर्यंत पोचल्यापासून दहा मिनिटांच्या आत बारा लीडचा, म्हणजे हृदय बारा कोनांतून दाखवणारा, ईसीजी काढायचा, हा आमच्या कामातला पक्का नियम आहे. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात आधी शर्ट काढायचा, घाम पुसायचा कारण घामेजलेल्या छातीवर इलेक्ट्रोड टिकत नाहीत, केस दाट असतील तर रेझर फिरवायचा, सहा इलेक्ट्रोड छातीवर आणि चार हातापायांना लावायचे, आणि मग दुखण्यानं तळमळणाऱ्या माणसाला सांगायचं, काका, दहा सेकंद अजिबात हलू नका. हे चालत्या गाडीत नीट होत नाही. खड्ड्यागणिक रेघ उड्या मारते, आणि एक-दोन मिलिमीटरच्या ज्या फरकावर सगळा निर्णय असतो तोच दिसेनासा होतो.

त्या कागदावर रेघेचा एसटी नावाचा भाग वर उचललेला दिसला, तर हृदयाची एखादी रक्तवाहिनी पूर्ण बंद झालीय असं धरून आम्ही पुढचं ठरवतो. ती उघडायचे दोन मार्ग आहेत. कॅथलॅबमध्ये नेऊन अँजिओप्लास्टी करायची, म्हणजे बारीक नळीतून फुगा आत नेऊन ती वाहिनी उघडायची, किंवा गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं. आम्ही भेटल्यापासून ९० मिनिटांत फुगा रक्तवाहिनीत पोचला पाहिजे, हे कॅथलॅबचं उद्दिष्ट. पेशंट आधी कॅथलॅब नसलेल्या हॉस्पिटलला गेला आणि तिथून हलवावा लागला, तर १२० मिनिटांपर्यंत चालवून घेतात. तेवढ्यात पोचणं शक्य नसेल तर इंजेक्शन, तेही पेशंट दारात आल्यापासून ३० मिनिटांत, आणि नंतर अँजिओग्राफीसाठी पुढे पाठवायचं.

आता तुमच्या घराजवळच्या हॉस्पिटलचा विचार करा. बोर्डवर चोवीस तास इमर्जन्सी लिहिलेलं असतं. कॅथलॅब आहे का? असली तर पहाटे साडेचारला तिची टीम येते का? नसेल तर काय होतं ते मी पुष्कळदा पाहिलंय. केस पेपर निघतो, आमचा ईसीजी बाजूला ठेवून नवा काढतात, रक्त घेतात, आरएमओ, म्हणजे ड्यूटीवरचे डॉक्टर, फोनवर सरांना विचारतात, सर म्हणतात पुढे पाठवा, आणि मग दुसऱ्या ॲम्ब्युलन्सची शोधाशोध सुरू होते. अंतराचे पाच किलोमीटर वाचवायला जाऊन दीड-दोन तास जातात. म्हणून आम्ही ईसीजीचा फोटो आधी पाठवतो, फोनवर विचारतो, लॅब तयार ठेवतो का? हो आलं की तिथेच जातो. जवळचं हॉस्पिटल त्यातच ओलांडलं जातं. वडिलांच्या फाइलमध्ये गाडीतल्या ईसीजीची पट्टी असेल तर बघा, त्यावर वेळ छापलेली असते. हॉस्पिटलच्या कागदांवर कॅथलॅबची वेळ असेल. दोन्ही शेजारी ठेवल्या की त्या दहा मिनिटांचं काय झालं ते कुणी समजावून सांगायची गरज उरणार नाही.

तालुक्याच्या ठिकाणी गणित बदलतं. कॅथलॅब तीन तासांवर असेल तर ती गाठायचा हट्ट चुकीचा. तिथे ते इंजेक्शन जिथे लवकर मिळेल, मग ते उपजिल्हा रुग्णालय असो की छोटं खासगी, तेच योग्य. ‘मोठ्या दवाखान्यातच न्यायचं’ म्हणून पेशंटला तसंच पुढे दामटणारे नातेवाईक मला जास्त भीतिदायक वाटतात.

ऑक्सिजनचं सांगतो, कारण त्यावरून सर्वांत जास्त वाद होतात. बोटाला लावलेल्या यंत्रावर ९५ दिसत असेल तर हार्ट ॲटॅकच्या पेशंटला ऑक्सिजनचा फायदा होत नाही. आकडा ९० च्या खाली गेला, दम लागला, तर लावायचा. पूर्वी सगळ्यांना सरसकट लावायचे, नंतरच्या मोठ्या अभ्यासांतून उपयोग दिसला नाही म्हणून पद्धत बदलली. नातेवाइकांना मात्र मास्क दिसला की उपचार सुरू झाल्यासारखं वाटतं. खरं सांगायचं तर काही सहकारी भांडण टाळायला नुसता मास्क लावून ठेवतात. मी नाही लावत.

तीच गत जिभेखालच्या सॉर्बिट्रेटची. आपल्याकडे शर्टाच्या खिशात ही गोळी बाळगणारे काका घरोघरी आहेत आणि शेजाऱ्याला देण्यात त्यांचा हात मोकळा असतो. हृदयाच्या खालच्या बाजूचा ॲटॅक असेल आणि त्यात उजवा कप्पा सापडला असेल, तर या गोळीनं ब्लडप्रेशर धाडकन पडतं. ईसीजीत दोन, तीन आणि एव्हीएफ या लीड उचललेल्या दिसल्या की मी आधी विचारतो, काही जिभेखाली ठेवलं होतं का? आणि अजून एक प्रश्न, तो बायको-सुनेसमोर विचारता येत नाही म्हणून सगळ्यांना दोन मिनिटं बाहेर काढून विचारतो: व्हायग्रासारखी कुठली गोळी कालपरवा घेतली होती का? घेतली असेल तर नायट्रेट, म्हणजे सॉर्बिट्रेटच्या जातीचं औषध, अजिबात नाही. बाहेर काढलेले लोक समजतात, आत वेळ घालवतायत.

आणि जिना. तिसरा मजला, लिफ्ट नाही किंवा आहे ती एवढीशी की स्ट्रेचर उभं केल्याशिवाय मावत नाही. पेशंट म्हणतो, मी चालत येतो, मला काही झालेलं नाही, नुसता गॅस झालाय. त्याला एक पायरीही उतरू द्यायची नसते. मग खुर्ची, चादर, शेजारचे चार तरुण, वळणावर कुणाचा तरी चपलांचा रॅक हलवायचा. पेठेतल्या जुन्या वाड्यांत आणि चाळींत नुसत्या उतरवण्यात दहा मिनिटं जातात.

आता याच्या बरोबर उलट बाजू. रस्ते अपघातात मला थांबायचं नसतं आणि बाकी सगळे थांबवत असतात. पोटात किंवा मांडीत रक्तस्राव होत असेल तर तो गाडीत बंद करायची सोय माझ्याकडे नाही, त्याला ऑपरेशन थिएटर लागतं. घटनास्थळी दहा मिनिटांहून जास्त थांबायचं नाही, हा तिथला नियम. तेवढ्यात करायचं ते एवढंच: बाहेर दिसणारं रक्त दाबून किंवा टूर्निकेटनं, म्हणजे हातापायाला आवळायच्या पट्ट्यानं, थांबवायचं, श्वासाचा मार्ग मोकळा ठेवायचा, कंबरेचं हाड मोडल्याची शंका असेल तर पट्टा आवळायचा, मान सांभाळून उचलायचं, ब्लँकेट घालायचं. सलाइनची लाइन वाटेत लावायची. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड एक ग्रॅम, दहा मिनिटांत, हेही वाटेत, आणि ते अपघातापासून तीन तासांच्या आतच. सलाइनच्या बाटल्या ओतत सुटायचं नाही. पातळ झालेलं, गार पडलेलं रक्त गोठत नाही आणि ब्लडप्रेशर उगाच वर नेलं की धरत आलेली गुठळी सुटते. वरचं प्रेशर ८० ते ९० असलं तरी आम्ही धीर धरतो. डोक्याला मार असेल तर मात्र ही सूट नाही, मेंदूला दाब कमी पडून चालत नाही.

हायवेवर या दहा मिनिटांत काय काय मध्ये येतं ते लिहायला बसलो तर वेगळा लेख होईल. कुणी बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतत असतं, कुणी हेल्मेट ओढत असतं, कुणी व्हिडिओ काढत असतं, कुणी म्हणतं पंचनामा झाल्याशिवाय उचलू नका. यातलं शेवटचं साफ खोटं आहे. जखमीवर आधी उपचार, कागद मागाहून, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सांगितलंय. मदत करणाऱ्यालाही भ्यायचं कारण नाही: २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आहे, ते चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, आणि नाव सांगायची सक्तीही करता येत नाही.

सगळ्यांत अवघड जागा म्हणजे घरात हृदय बंद पडलेला माणूस. तिथे पुन्हा थांबायचंच असतं, आणि तिथेच लोक सर्वांत जास्त चिडतात. छाती दाबायची ती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, आणि हात शक्यतो थांबू द्यायचे नाहीत. हे जमिनीवर गुडघे टेकून करता येतं. जिन्यात येत नाही. पळत्या गाडीत ब्रेक लागला की मी एका हातानं दांडा धरतो आणि दुसऱ्या हातानं नुसतं दाबल्यासारखं करतो, त्यानं मेंदूला रक्त जात नाही. शॉकचं मशीन माझ्यापाशी आहे, ॲड्रेनलिन माझ्यापाशी आहे, अँबू, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, आणि ऑक्सिजन आहे. त्या क्षणी कॅज्युअल्टीत पहिल्यांदा जे करतील तेच मी त्या फरशीवर करतोय, फक्त तिथे न नेता आणि मधली पंधरा मिनिटं वाया न घालवता. हृदय पुन्हा सुरू झालं की मग निघायचं. गरोदर बाई असेल तर गोष्ट वेगळी, तिला लगेच हलवावं लागतं.

नातेवाइकांना हे दिसतं कसं? आमचा माणूस जमिनीवर पडलाय आणि हे त्याला उचलत नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. म्हणून आता कामाला लागतानाच मोठ्यानं सांगतो: हृदय थांबलंय, सुरू करायचा प्रयत्न इथेच करणार, वीस मिनिटं तरी. आणि घरातल्या एखाद्या धडधाकट माणसाला दाबायला बसवतो, कारण दोन मिनिटांनी माझे हात ढिले पडतात. काम दिलं की आरडाओरडा कमी होतो, हाही एक फायदा. पण खरी गोम त्याआधीची आहे. कुणीच छाती दाबत नसेल तर शॉक मिळेपर्यंतचं प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी करतं आणि चार-सहा मिनिटांत मेंदूचं नुकसान सुरू होतं. एवढ्या वेळात कुठल्याही शहरातली ॲम्ब्युलन्स चौथ्या मजल्यावर पोचत नाही. तेव्हा फोन स्पीकरवर ठेवून दाबायला सुरुवात घरच्यांनीच करायची. तोंडानं श्वास देता येत नसेल तर नुसतं दाबा.

थांबून फायदा होणारी अजून एक केस म्हणजे साखर कमी झालेला पेशंट. बेशुद्ध, घामानं थबथबलेला, कधी शिवीगाळ करणारा, त्यामुळे दारू प्यायलाय म्हणून लोकांनी फुटपाथवर सोडून दिलेला. बोटाला टोचलं, आकडा ४० च्या खाली. लाइन लावून २५ टक्के डेक्स्ट्रोज दिलं की काही मिनिटांत उठून विचारतो, तुम्ही कोण? मग घरचे म्हणतात, आता कशाला हॉस्पिटल? ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांचा असर बराच वेळ राहतो, साखर पुन्हा पडते, म्हणून न्यायचं. अशा बेशुद्ध माणसाच्या तोंडात गूळ-साखर कोंबू नका, ती फुफ्फुसात जाते. अर्धांगवायूची शंका असली तरी आम्ही आधी साखर बघतो, कारण कमी साखर हुबेहूब लकव्याचं सोंग आणते. खरंच लकवा असेल तर मग एक मिनिट थांबायचं नाही, सीटी स्कॅन असलेल्या ठिकाणी जायचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांपर्यंतच. इथे मला घरच्यांकडून एकच उत्तर हवं असतं: शेवटचे पूर्ण बरे कधी पाहिले? ‘सकाळी उठले तेव्हा वाकडं तोंड होतं’ हे उत्तर पुरत नाही. रात्री झोपताना बरे होते का, मध्ये पाणी प्यायला उठले होते का, ते सांगा.

गावाकडच्यांसाठी मण्यार सापाबद्दल लिहायलाच हवं. पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो. चावल्याची खूण अनेकदा दिसत नाही, सूज नाही. घरचे ॲसिडिटीची गोळी देतात. थोड्या वेळानं पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही, शब्द नाकातून येतात, आणि मग श्वास उथळ होत जातो. हार्टच्या पेशंटला मी जवळचं हॉस्पिटल ओलांडून नेईन, याला मात्र प्रतिविष असलेल्या सर्वांत जवळच्या सरकारी दवाखान्यात, मग ते प्राथमिक आरोग्य केंद्र का असेना. पहिला डोस तिथेच सुरू व्हायला हवा. तिथून व्हेंटिलेटर असलेल्या हॉस्पिटलपर्यंतचा प्रवास आमचा. श्वास बंद पडला तर अँबू दर सहा सेकंदांना दाबत राहायचं, एक तास तर एक तास, दोन तर दोन. डोळे मिटलेले, हात हलत नाही, पण माणूस आतून जागा असतो आणि सगळं ऐकत असतो. म्हणून मी वाटेत बोलत राहतो, कुठं पोचलो, किती राहिलं, आणि पायलटला, म्हणजे आमच्या ड्रायव्हरला, सांगून ठेवतो की ‘संपलं वाटतं’ असलं काही बोलायचं नाही.

आयसीयूतून आयसीयूत पेशंट हलवणं हे आमच्या कामातलं सर्वांत कमी दिसणारं आणि सर्वांत जोखमीचं काम. लोकांना वाटतं, व्हेंटिलेटर आहे ना, मग झालं. माझा अर्धा तास निघण्याआधीच जातो. श्वासनळीतली नळी ओठाशी किती सेंटिमीटरवर आहे ते लिहून घ्यायचं, पुन्हा बांधायची. ब्लडप्रेशर टिकवणाऱ्या नॉरॲड्रेनलिनची सिरिंज संपत आली असेल तर घाटात बदलायची वेळ येऊ द्यायची नाही, कारण अर्धा मिनिट पंप थांबला तरी प्रेशर कोसळतं. पंपाच्या बॅटऱ्या बघायच्या. आणि ऑक्सिजनचा हिशेब. बी टाइप सिलिंडर भरलेला असताना साधारण १,५०० लिटर देतो. मिनिटाला १० लिटर लागत असतील तर अडीच तास. रत्नागिरीहून आंबा घाटानं कोल्हापूर म्हणजे तीन-साडेतीन तास, म्हणजे २,१०० लिटर. वाटेत दरड, ट्रॅफिक, टायर धरून आम्ही त्याचं दुप्पट नेतो. म्हणजे बी टाइपचे तीन, किंवा ७,००० लिटरचा एक डी टाइप. मीटरचा काटा बघितल्याशिवाय ‘फुल आहे’ यावर विश्वास ठेवायचा नाही, मग सांगणारा कुणीही असो.

तुमच्याकडे नेमकं कोण आलं होतं तेही विचारून घ्या. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली आणि तिच्या गाडीत डॉक्टर असतो. गोवा, गुजरातसारख्या राज्यांत १०८ वर प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो आणि तो औषधासाठी फोनवरच्या डॉक्टरचा सल्ला घेतो. खासगी कार्डिॲक गाडीवर माझ्यासारखा पॅरामेडिक किंवा डॉक्टर, किंवा दोघंही. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं पॅरामेडिकची गणना आरोग्य व्यावसायिकांत केली, हे चांगलं झालं. पण रस्त्यावर अजूनही अशा गाड्या धावतात ज्यात एक सिलिंडर, एक बाकडं आणि ड्रायव्हर एवढंच असतं आणि वर लाल दिवा. खासगी गाडी बोलावताना दर विचारायच्या आधी विचारा: गाडीत ईसीजी आणि शॉकचं मशीन आहे का, आणि मागे पेशंटजवळ कोण बसणार?

फोन केल्यावर गाडी येईपर्यंत हातात चार कामं असतात. जुनी फाइल आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत भरा; नावं आठवत बसू नका, पट्ट्याच द्या. दुखणं किती वाजता सुरू झालं ते कागदावर लिहा. बिल्डिंगचं नाव मोबाइलच्या नकाशात चुकीच्या गल्लीत दिसतं, म्हणून एका माणसाला मेन रोडवर उभं करा, रात्री असेल तर हातात टॉर्च देऊन. आणि दुसऱ्याला लिफ्ट तळमजल्यावर धरून ठेवायला सांगा.